सहासष्टाव्या जागेवरचं अक्षर

बायपोलर डिसऑर्डरचं निदान घरात एकदा झालं, की औषधांच्या चिठ्ठीमागोमाग एक प्रश्न येतो: हे मुलांमध्ये उतरेल का? काही जण तो डॉक्टरांना विचारतात. बरेच जण विचारत नाहीत, आणि मग तो घरात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून राहतो. लग्न ठरवताना, बाळाचा विचार करताना, मूल एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त बोललं किंवा जास्त गप्प राहिलं तरी तो डोकं वर काढतो. गेली चाळीस वर्षं विज्ञान या प्रश्नाच्या मागे आहे. त्या शोधात एक प्रथिन पुन्हा पुन्हा समोर आलं. चेतापेशींना जगवणारं, वाढवणारं, त्यांच्या एकमेकींशी असलेल्या जोडण्या पक्क्या करणारं. त्याचं नाव बीडीएनएफ. या प्रथिनाच्या जनुकातल्या, म्हणजे ते बनवण्याची कृती ज्या डीएनएच्या अक्षरांत लिहिलेली असते त्यांतल्या, एका अक्षरावर जेवढी शाई खर्च झाली, तेवढी मनोविकारांच्या संशोधनात फार थोड्या अक्षरांच्या वाट्याला आली असेल. मला ही गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती नीट ऐकली की ‘सदोष जनुक’ हा शब्द पूर्वीइतक्या सहज तोंडात येत नाही.

आधी आजाराविषयी थोडं. मराठीत त्याला द्विध्रुवी मनोविकार म्हणतात. एका ध्रुवावर उन्माद. माणूस रात्री दोन-तीन तास झोपतो आणि तरी ताजातवाना असतो. विचार इतके भराभर येतात की जीभ मागे पडते. आपल्याला अशक्य असं काही नाही अशी खात्री वाटते, आणि त्या खात्रीच्या भरात कर्ज काढलं जातं, राजीनामा दिला जातो, जुनी नाती तोडली जातात. दुसऱ्या ध्रुवावर नैराश्य, जिथे अंथरुणातून उठून दात घासणं हेसुद्धा डोंगर चढण्याएवढं अवघड होतं. दोन झटक्यांच्या मधल्या काळात तोच माणूस अगदी पूर्वीसारखा असू शकतो, त्यामुळे ‘स्वभावच तसा आहे’ म्हणण्यात कित्येक वर्षं निघून जातात. शंभरातल्या एक ते दोन जणांना हा आजार आयुष्यात कधी ना कधी होतो, आणि त्याची सुरुवात बहुधा विशीच्या आसपास होते.

तो घराण्यात चालतो हे डॉक्टरांना जनुकं माहीत नव्हती तेव्हापासून माहीत होतं. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून त्याला आकडे मिळाले. एकाच बीजातून जन्मलेल्या, म्हणजे हुबेहूब सारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असेल, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता साधारण ४० ते ७० टक्के निघते. वेगवेगळ्या बीजांतून आलेल्या जुळ्यांत ती खूपच कमी असते. अशा तुलनांवरून आजाराची अनुवंशिकता ६० ते ८० टक्के मानतात. हा आकडा मात्र जपून वाचायला हवा. त्यावरून शंभरातल्या ८० मुलांना हा आजार होतो असं मुळीच ठरत नाही. उंचीचं उदाहरण घ्या. उंचीची अनुवंशिकताही ८० टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तरी एकाच घरातला एक भाऊ ताडमाड उंच असतो तर दुसरा बेताच्या उंचीचा. अनुवंशिकता सांगते ती लोकांलोकांमधल्या फरकाबद्दल. त्या फरकात जनुकांचा वाटा किती, एवढंच. एखाद्या मुलाच्या नशिबात काय आहे हे ती सांगत नाही. ज्यांच्या आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार आहे, त्यांना तो होण्याची शक्यता ५ ते १० टक्के असते. म्हणजे धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त खरा, पण अशा शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना हा आजार होत नाही. डॉक्टरांना न विचारलेल्या प्रश्नाचं आज देता येण्याजोगं उत्तर हेच, आणि ते घराघरांत मोकळेपणाने सांगितलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मग ते जनुक कोणतं? १९८७ साली वाटलं होतं की सापडलं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात आमिश समाजाची वस्ती आहे. मोटारीऐवजी घोडागाडी वापरणारा, दारू आणि अमली पदार्थांपासून दूर राहणारा, मोठमोठी कुटुंबं असलेला आणि पिढ्यान् पिढ्यांच्या वंशावळी जपून ठेवणारा हा समाज. जनुकशास्त्रज्ञाला आणखी काय हवं? त्यातल्या एका कुळात बायपोलरचे रुग्ण बरेच होते. त्यांच्या रक्तातला डीएनए तपासून संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात जाहीर केलं, की आजाराचं जनुक ११व्या गुणसूत्राच्या आखूड बाहूच्या टोकाजवळ असावं. जगभर बातम्या झाल्या. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याच नियतकालिकात फेरतपासणी छापून आली आणि सगळा डोलारा कोसळला. झालं होतं ते असं: पहिल्या अभ्यासात निरोगी म्हणून नोंदलेल्यांपैकी दोघांना मधल्या काळात आजार झाला. शिवाय कुळाची आणखी एक शाखा तपासली, तर तिथे त्या जागेचा आणि आजाराचा मेळ बसेना. दोन माणसांच्या नावापुढची नोंद बदलली आणि पुरावा विरघळला. यात कुणाची लबाडी नव्हती. आजार विशी-तिशीतही सुरू होतो, त्यामुळे ‘निरोगी’ हा शिक्का त्या दिवसापुरताच खरा होता.

गंमत म्हणजे बीडीएनएफचं जनुकही ११व्या गुणसूत्राच्या त्याच आखूड बाहूवर आहे. आमिश अभ्यासाने दाखवलेल्या जागेपासून ते सुमारे अडीच कोटी अक्षरं आत आहे, त्यामुळे दोन्ही गोष्टींचा थेट संबंध नाही. पण पुढे या जनुकाने जी आशा-निराशा दाखवली ती बरीचशी याच वळणाची होती.

बीडीएनएफच्या कुळाची गोष्ट इटलीतल्या तुरीन शहरात एका निजायच्या खोलीत सुरू होते. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी या तरुण डॉक्टर ज्यू होत्या, आणि १९३८च्या वंशविषयक कायद्यांनी त्यांना विद्यापीठातून बाहेर काढलं. त्यांनी घरातच प्रयोगशाळा थाटली. कोंबडीची अंडी आणायची, शिवणकामाच्या सुया घासून टोकदार करायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूणातल्या मज्जातंतूंचं काय होतं ते पाहायचं. त्यांना दिसलं, की भ्रूणाचा कोवळा अवयव काढून टाकला तर त्याच्याकडे निघालेल्या चेतापेशी वाढून मग मरून जातात. जणू जिथे पोचायचं तिथून येणारी काहीतरी शिदोरी त्यांना मिळेनाशी झाली. युद्धानंतर त्या अमेरिकेत सेंट लुईसला भ्रूणशास्त्रज्ञ व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे गेल्या. १९५२ साली ट्यूमर असलेले दोन उंदीर सोबत घेऊन त्यांनी रिओ दि जानेरो गाठलं, कारण पेशी बशीत वाढवण्याची सोय तिथल्या प्रयोगशाळेत होती. ट्यूमरचा तुकडा आणि भ्रूणातल्या चेतापेशींची गुठळी त्यांनी शेजारी-शेजारी ठेवली. दिवसभरात त्या गुठळीतून चहूबाजूंनी बारीक तंतू फुटले. सूर्याभोवती खळं पडावं तसं तंतूंचं वलय. ट्यूमरमधून पाझरणारं कसलंतरी द्रव्य तंतूंना वाढवत होतं. पुढे स्टॅन्ले कोहेन यांनी ते द्रव्य वेगळं केलं. मज्जातंतू-वाढ घटक, म्हणजे एनजीएफ. या दोघांना १९८६चं नोबेल पारितोषिक मिळालं.

एनजीएफ प्रामुख्याने मेंदूबाहेरच्या मज्जातंतूंना पोसतं. मेंदूतल्या बहुसंख्य पेशींचं पोषण कोण करतं? म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेत इव्ह-आलाँ बार्द आणि हान्स टोएनन यांनी डुकरांच्या मेंदूंतून याचा शोध घेतला. १९८२ साली त्यांनी जे प्रथिन शुद्ध करून दाखवलं त्याचं प्रमाण असं होतं: दीड किलो मेंदू गाळून-चाळून हाती आलेलं प्रथिन एक मायक्रोग्रॅम. ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तेवढ्यावर भ्रूणातल्या चेतापेशी तगत होत्या. हेच बीडीएनएफ, मेंदूतून मिळालेला चेतापोषक घटक. माणूस, डुक्कर आणि उंदीर यांचं तयार बीडीएनएफ अक्षरशः एकच आहे, एकाही अमिनो आम्लाचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या एकाही मण्याचा, फरक नाही. उत्क्रांतीने कोट्यवधी वर्षं ज्याला हात लावला नाही ती गोष्ट नक्कीच नाजूक आणि मोलाची असणार.

मोठ्यांच्या मेंदूत या प्रथिनाचं काम निव्वळ जगवण्यापुरतं नसतं. एखादी चेतापेशी वारंवार उद्दीपित झाली की तिच्यात कॅल्शियम शिरतं, त्याचा निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि बीडीएनएफचं जनुक जागं होतं. तयार झालेलं प्रथिन बारीक पिशव्यांत भरून चेतासंधीपाशी, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडणीपाशी, सोडलं जातं. पलीकडच्या पेशीवर ट्रॅक-बी नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो, त्याला ते चिकटलं की ती जोडणी मजबूत होते. जी वाट वापरात आहे ती रुंद करणं हा या प्रथिनाचा बाणा. आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये हे काम सतत चालू असतं. त्याची आणखी एक बाजू आहे. हे प्रथिन आधी लांबलचक, कच्च्या रूपात बनतं: २४७ अमिनो आम्लांची साखळी. त्यातला पुढचा भाग छाटला गेला की मागे उरतं ११९ आम्लांचं तयार बीडीएनएफ. कच्चं रूप न छाटताच बाहेर पडलं, तर ते दुसऱ्याच ग्राहकाला चिकटतं आणि उलटं काम करतं. जोडण्या सैल करतं, फांद्या आखडवतं. एकाच साखळीच्या दोन अवस्था, एक जोडणारी आणि एक सोडवणारी. मेंदूला दोन्ही लागतात. कुठे, केव्हा आणि किती, यावर सगळं अवलंबून.

आता त्या अक्षराकडे येऊ. साखळीतल्या ६६व्या जागेवर बहुतेकांमध्ये व्हॅलिन हे अमिनो आम्ल असतं. डीएनएमध्ये त्याची संज्ञा जी-टी-जी. काहींमध्ये पहिल्या ‘जी’च्या जागी ‘ए’ आलेला असतो: ए-टी-जी. लगेच व्हॅलिनऐवजी मेथिओनिन बसतं. याला संशोधक ‘व्हॅल६६मेट’ म्हणतात. हा काही दुर्मीळ बिघाड नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत जनुकाच्या दर पाच प्रतींपैकी साधारण एका प्रतीत ‘मेट’ असतो, पूर्व आशियात जवळपास निम्म्या प्रतींत, तर सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत अगदी थोड्या. मानवजातीत नांदणारं हे साधं वैविध्य आहे.

आणि इथे एक बारकावा आहे, जो मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत सुंदर वाटतो. ६६वी जागा येते ती छाटून टाकल्या जाणाऱ्या भागात. म्हणजे ‘व्हॅल’वाल्याचं आणि ‘मेट’वाल्याचं तयार बीडीएनएफ एकसारखंच. पत्र तेच, फरक पाकिटावरच्या पत्त्यात. तो छाटला जाणारा भाग प्रथिनाला योग्य पिशवीत भरायला आणि योग्य जागी पाठवायला मदत करतो. ‘मेट’ असलं की पत्ता जरा पुसट होतो. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ डॅनियल वाइनबर्गर यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं, की ‘मेट’ प्रकाराचं प्रथिन पेशीच्या टोकाकडच्या पिशव्यांत नीट पोचत नाही. रोजचा संथ पाझर चालू राहतो, पण पेशी उद्दीपित झाल्यावर जो भरघोस पुरवठा व्हायला हवा तो कमी पडतो. त्याच अभ्यासात ‘मेट’ असलेल्यांची घडलेल्या प्रसंगांची आठवण सरासरीने थोडी कमी भरली. पुढच्या अभ्यासांत आठवणीवरचा हा परिणाम कधी दिसला, कधी नाही, आणि दिसला तेव्हाही लहानच होता.

एवढं वाचून कुणीही अंदाज बांधेल, की बायपोलरच्या रुग्णांत ‘मेट’ जास्त असणार. पुरवठा कमी, म्हणून आजार. आणि २००२ मध्ये, म्हणजे हे पेशीतलं चित्र स्पष्ट होण्याआधीच, दोन स्वतंत्र अभ्यासांतून नेमकं उलटं निघालेलं होतं.

त्यातल्या एका अभ्यासाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. २८३ कुटुंबं घेतली, त्यांतल्या रुग्णांचा आणि त्यांच्या आई-वडिलांचा डीएनए तपासला. जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. समजा आईकडे एका प्रतीत ‘व्हॅल’ आणि दुसरीत ‘मेट’ आहे. मुलाला यातली कोणती प्रत मिळेल हे नाणं उडवून ठरवावं तितकं दैवाधीन, निम्मे-निम्मे. आता अशा सगळ्या आई-वडिलांनी आपल्या आजारी मुलाला काय दिलं ते मोजायचं. अक्षराचा आजाराशी काही संबंध नसेल तर गणित निम्म्या-निम्म्यावर यायला हवं. तसं ते आलं नाही. पारडं झुकलं ‘व्हॅल’कडे. ज्या अक्षरामुळे प्रथिनाचा पुरवठा चोख राहतो, तेच अक्षर आजारी मुलांकडे जास्त वेळा गेलं होतं.

‘चांगलं’ अक्षर आजाराच्या बाजूला कसं? काहींनी तर्क लढवला, की जोडण्या पक्क्या करण्याची क्षमता जास्त असणं हे नेहमीच हिताचं नसतं. ज्या मेंदूत भावनांच्या लाटा उसळतात, तिथे त्या लाटांची वाटही पक्की होत असेल. तर्क विचार करण्याजोगा आहे, पण तर्काआधी पुरावा टिकायला हवा, आणि तिथे गाडी अडली. जपान आणि चीनमधल्या रुग्णांत हा कल दिसला नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात सगळे रुग्ण मिळून काही निघालं नाही. वर्षाला चार किंवा अधिक झटके येणाऱ्या छोट्या गटात मात्र ‘व्हॅल’ जास्त दिसला. पुढे सगळ्यांचे आकडे एकत्र केले तेव्हा संबंध शिल्लक राहिला तो फार बारीक, हातातून निसटण्याइतका.

मग संशोधनाची रीतच बदलली. एखाद्या जनुकावर आधीच संशय धरण्याऐवजी लाखो लोकांचा अख्खा जनुकसंच चाळायचा आणि रुग्णांत कोणती अक्षरं जास्त आढळतात ते पाहायचं. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे २,००० रुग्णांपासून याची मोठी सुरुवात झाली. २०२१च्या विश्लेषणात जवळपास ४२,००० रुग्ण होते आणि आजाराशी निगडित ६४ जागा सापडल्या. जानेवारी २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,५८,०३६ रुग्ण आणि सुमारे २८ लाख इतर लोक होते, आणि जागा निघाल्या २९८. या प्रत्येक जागेवरचं अक्षर धोका वाढवतं ते टक्क्या-दोन टक्क्यांनी, फार तर आठ-दहा टक्क्यांनी. त्यातलं कोणतंही एक अक्षर ‘बायपोलरचं जनुक’ म्हणवून घेण्याच्या योग्यतेचं नाही. यातली बरीच अक्षरं जवळपास प्रत्येकाकडे थोडीफार असतात, तुमच्याकडे, माझ्याकडे. काही जणांकडे ती जास्त संख्येने गोळा होतात. त्यावर झोप, ताण, आयुष्यातले आघात यांची भर पडते. याच अक्षरांपैकी पुष्कळशी स्किझोफ्रेनिया आणि नैराश्याच्या रुग्णांतही आढळतात. निसर्गाला आपली निदानाची पुस्तकं ठाऊक नाहीत.

या लांबलचक यादीत बीडीएनएफच्या ६६व्या जागेला मान मिळालेला नाही. म्हणून ते प्रथिन गोष्टीतून बाद झालं का? इथे मी थोडं थांबते, कारण बरेच लेख इथेच घाईने ‘हो’ म्हणून मोकळे होतात.

यादीत अगदी सुरुवातीपासून ठाण मांडून बसलेलं एक जनुक आहे, सीएसीएनए१सी. चेतापेशीत कॅल्शियम आत घेणाऱ्या एका दाराचं ते जनुक. आणि बीडीएनएफचं जनुक जागं करणारा निरोप ज्या दारांतून येतो त्यातलं महत्त्वाचं दार नेमकं हेच. दुसरं टोकही पाहा. २०२२ मध्ये सुमारे १४,००० रुग्णांच्या जनुकांमधले दुर्मीळ, प्रथिन मोडून टाकणारे बदल तपासले गेले. त्यात एकेएपी११ नावाचं जनुक पुढे आलं. त्याचं प्रथिन पेशीत जीएसके-३ या विकराशी (एन्झाइमशी) बांधलेलं असतं. हे विकर बायपोलरच्या संशोधकांना चांगलं ओळखीचं, कारण या आजारावरचं जुनं औषध लिथियम ज्यांना आवर घालतं त्यातलं ते एक प्रमुख. आणि लिथियम दिल्यावर प्रयोगशाळेतल्या चेतापेशींत बीडीएनएफ वाढतं. नदीत बिघाड नसेल, पण तिच्या उगमाकडचं दार आणि खालच्या अंगाचा बांध दोन्ही संशयाच्या फेऱ्यात आहेत. मग नदीच्या पाण्याची पातळी खालीवर होणार यात नवल नाही.

जनुकाची एक प्रतच नसेल तर काय होतं, याचाही निसर्गाने केलेला प्रयोग आहे. ११व्या गुणसूत्राच्या त्याच भागाचा तुकडा जन्मतःच गळालेला असण्याचा एक दुर्मीळ विकार आहे, डब्ल्यूएजीआर सिंड्रोम. काहींच्या गळालेल्या तुकड्यात बीडीएनएफचं जनुकही गेलेलं असतं. २००८ मध्ये अशा रुग्णांचा अभ्यास झाला तेव्हा बीडीएनएफची एक प्रत नसलेली सगळी मुलं वयाच्या दहा वर्षांच्या आत लठ्ठ झालेली आढळली. ज्यांचं बीडीएनएफ शाबूत होतं त्यांच्यात हे प्रमाण पाचात एक होतं. म्हणजे हे प्रथिन भूक-तृप्तीच्या यंत्रणेतही बसलेलं आहे. एका प्रथिनाच्या नावापुढे एकच आजार लिहिण्याची आपल्याला सवय लागली आहे, आणि मेंदू त्या सवयीला दाद देत नाही.

रुग्णांच्या रक्तात बीडीएनएफची पातळी खालीवर होते, हे मात्र बऱ्याच अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उन्मादात ती उतरते, नैराश्यात उतरते, आणि माणूस सावरला की सहसा पूर्ववत होते. दोन विरुद्ध ध्रुव, पण या प्रथिनाच्या लेखी दोन्हीकडे ओहोटीच. उन्मादाला ‘जास्त ऊर्जा’ समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. बाहेरून कितीही भरभराट दिसली तरी आत चेतापेशींची आबाळ चाललेली असू शकते.

मग रक्त तपासून निदान करता येईल का? नाही, आणि याचं कारण रक्ताच्या नळीतच पाहता येतं. रक्तातलं बहुतेक बीडीएनएफ बिंबिकांच्या (प्लेटलेट्सच्या) पोटात साठवलेलं असतं. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव, काढण्यासाठी रक्त नळीत उभं ठेवतात, अर्ध्या-पाऊण तासात त्याची गुठळी होते. गुठळी होताना बिंबिका फुटतात आणि साठवलेलं प्रथिन बाहेर सांडतं. नळी वीस मिनिटं ठेवली की तासभर, यावर आकडा बदलतो. गुठळी न होऊ देता प्लाझ्मा काढला तर तोच आकडा कित्येक पटींनी कमी येतो. त्यातून व्यायामाने ही पातळी वाढते, आणि साध्या नैराश्यात, स्किझोफ्रेनियातही ती घटते. संशोधनात शंभर जणांच्या सरासरीतून काही समजतं, पण समोर बसलेल्या एका माणसाचं निदान या आकड्यावर करता येत नाही. डीएनएच्या घरपोच चाचणीतल्या ‘व्हॅल’ किंवा ‘मेट’वरून तर त्याहूनही नाही. कुणी तसा अहवाल हातात ठेवून घाबरवत असेल, तर घाबरू नका.

लिथियमची गोष्ट या सगळ्यापेक्षा जुनी. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियमचे क्षार देऊन पाहिले. बीडीएनएफ तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. गिनीपिगना लिथियम टोचल्यावर ते शांत पडून राहिले, एवढ्या निरीक्षणावर त्यांनी हे धाडस केलं होतं. औषध लागू पडलं, आणि ते का लागू पडतं हे समजून घ्यायला पुढे अर्ध्या शतकाहून जास्त काळ लागला. ते काम अजून चालू आहे. २००० साली एमआरआय वापरून केलेल्या एका छोट्या अभ्यासात चार आठवड्यांच्या लिथियमनंतर रुग्णांच्या मेंदूतला करडा भाग सुमारे ३ टक्क्यांनी वाढलेला दिसला. त्यातला काही भाग पाण्याच्या हालचालीमुळे दिसणारा भास असू शकतो, असं नंतर काहींनी दाखवून दिलं. पण हजारो रुग्णांच्या मोठ्या तुलनेतही, लिथियम घेणाऱ्यांच्या मेंदूचा बाहेरचा करडा थर इतर रुग्णांइतका पातळ झालेला आढळत नाही. चेतापेशींना जपणारं काहीतरी या साध्या क्षारात आहे, आणि बीडीएनएफ हा त्यातला एक दुवा असावा.

अडचण अशी, की लिथियम सर्वांना लागू पडत नाही. साधारण तिसरा हिस्सा रुग्णांना ते उत्तम लागू पडतं, काहींना अर्धवट, काहींना मुळीच नाही. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेने एक विलक्षण प्रयोग केला. बायपोलरच्या सहा रुग्णांच्या त्वचेतल्या पेशी घेतल्या, त्यांना पुन्हा मूळपेशी बनवलं आणि त्यांच्यापासून हिप्पोकॅम्पसमधल्यासारख्या चेतापेशी वाढवल्या. म्हणजे रुग्णाच्याच जनुकांच्या चेतापेशी, काचेच्या बशीत. त्या निरोगी माणसांच्या चेतापेशींपेक्षा कितीतरी जास्त उतावळ्या निघाल्या. थोड्याशा उत्तेजनाने भराभर विद्युत-स्पंदनं सोडणाऱ्या. मग बशीत लिथियम घातलं. ज्या रुग्णांना प्रत्यक्षात लिथियम लागू पडलं होतं, त्यांच्या पेशी शांत झाल्या. ज्यांना लागू पडलं नव्हतं, त्यांच्या तशाच धडधडत राहिल्या. माणसाच्या अनुभवाशी बशीतल्या पेशींचा असा मेळ बसावा, हे वाचून मी तो निबंध दोनदा वाचला.

कोणाला लिथियम लागू पडेल हे आधीच सांगणारी चाचणी हवी, आणि त्या दिशेने काम चाललं आहे. त्वचेपासून चेतापेशी वाढवायला मात्र महिने लागतात, त्यामुळे दवाखान्यात ही पद्धत वापरता येत नाही. आज रुग्णाला औषध सुरू करून वाट पाहावी लागते. रात्री गोळी, आणि बरोबर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी, रक्त. त्या नळीत मोजतात ते लिथियम, लिटरला ०.६ ते १.० मिलिमोलच्या पट्ट्यात आहे की नाही हे पाहायला. खाली गेलं तर उपयोग नाही आणि थोडं वर गेलं की विषबाधेची भीती, म्हणून जुलाब-उलट्या झाल्या, कडक उपास धरला, नवीन वेदनाशामक सुरू केलं तर डॉक्टरांना कळवायचं. आणि बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. एकदम थांबवली तर उन्माद परत उसळण्याची शक्यता पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत जास्त असते.